जिन्यातल्या नळीची सहा वर्षे

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय आहे, उभ्या नळीच्या आतील भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यात संक्षोभाचा, म्हणजे पाणी थराथरांनी न वाहता घुसळू लागण्याचा (टर्ब्युलन्सचा), आरंभ. हे शीर्षक ऐकल्यावर आमच्या गावातील बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "म्हणजे आता नळाला पाणी रोज येणार का?" यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे असलेल्या एका तालुक्याच्या गावी मी पदवी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पदवीची अधिसूचना हाती आली. खेड्यात नोकरी करून, स्वतःच्या खर्चाने प्रायोगिक विषयावर पीएच.डी. करणाऱ्यांना वाटेत काय काय लागते, हे मला सुरुवातीला कोणी सांगितले असते तर निदान दोन वर्षे वाचली असती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जुलै २०१८ मध्ये मी पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा, दिली. शुल्क १,५०० रुपये होते. निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. विषयाची तयारी आपली असतेच, घसरायला होते ते संशोधनपद्धतीवर. त्यानंतर संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र, प्राचार्यांचे शिफारसपत्र आणि मार्गदर्शकांचे संमतिपत्र जमवण्यात ऑक्टोबर उजाडला. ना-हरकत प्रमाणपत्र संस्थेच्या बैठकीत ठराव झाल्याशिवाय मिळत नाही आणि ती बैठक दर तीन महिन्यांनी होते, ही गोष्ट मला बैठक होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कळली. आपल्या संस्थेची पुढील बैठक केव्हा आहे, हे पेटचा अर्ज भरतानाच विचारून ठेवावे.

मार्च २०१९ मध्ये संशोधन व मान्यता समितीपुढे सादरीकरण झाले. पहाटे चारला उठून साडेपाचची एसटी पकडली, दुपारी दीडपर्यंत बाकावर बसून राहिले आणि मिळाली फक्त आठ मिनिटे. एका ज्येष्ठ सदस्यांनी दुसऱ्याच स्लाइडवर थांबवून विचारले, "नळीतील संक्षोभ केव्हा सुरू होतो, हे रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये दाखवले. तुम्ही नवीन काय करणार?" प्रश्न योग्यच होता. तिथे गडबडीत दिलेले उत्तर इथे नीट देते.

ओस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची बारीक धार टाकली होती. वेग कमी असता ती धार सरळ रेषेत जाते, आणि वेग, व्यास व श्यानता (द्रवाचा चिकटपणा) यांच्यापासून बनणारी एक संख्या, जिला आता त्यांचेच नाव आहे, सुमारे दोन हजारांच्या पुढे गेली की ती धार विस्कटून साऱ्या नळीत पसरते. ही नळी काठोकाठ भरलेली असते. तिच्यातही प्रश्न साधा नाही, कारण फार काळजी घेतली तर प्रवाह त्या मर्यादेच्या कितीतरी पुढेपर्यंत शांत ठेवता येतो. संक्षोभ स्वतःच्या बळावर कोठून टिकतो याचा सुमारे २,०४० हा आकडा थेट २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या नळीत मात्र पाणी केवळ आतील भिंतीला चिकटून, अर्धा मिलिमीटर जाडीने उतरते आणि मध्ये सगळी हवा असते. त्या पापुद्र्याची एक बाजू भिंतीने धरलेली आणि दुसरी मोकळी. मोकळ्या बाजूवर लाटा उठतात, आणि उभ्या भिंतीवर त्या उठायला वेगाची कोणतीही किमान अट नसते, असे सिद्धान्त सांगतो. प्रत्यक्षात रेनॉल्ड्स संख्या तीसच्या आसपास गेली की त्या डोळ्यांना दिसू लागतात. पृष्ठभागावर लाटा आणि आत मात्र थरांचा शिस्तीचा प्रवाह, अशी स्थिती हजारापर्यंत सहज राहते. तेव्हा लाट दिसली म्हणजे संक्षोभ आला असे नव्हे, आणि खरा संक्षोभ येतो तेव्हा तो याच लाटांच्या आड लपलेला असतो. समितीने "उपयोग काय?" असेही विचारले. दूध आटवण्याच्या कारखान्यांत उभ्या नळ्यांच्या आतून दुधाचा असाच पापुद्रा सोडून बाहेरून वाफेची उष्णता देतात, आणि ती उष्णता आत किती झटकन पोहोचते हे संक्षोभावर अवलंबून असते, हे सांगितल्यावर समितीचे समाधान झाले. नोंदणीचे पत्र जूनमध्ये आले.

पहिली मोठी चूक कागदावरच झाली. एका शोधनिबंधात संक्रमण, म्हणजे शांत प्रवाहातून संक्षोभाकडे जाणे, रेनॉल्ड्स संख्या चारशे असता होते असे लिहिले होते आणि दुसऱ्यात सोळाशेला. मी दोन महिने या दोन संशोधकांपैकी चुकले कोण, हे शोधत बसले. दोघेही बरोबर होते. नळीच्या परिघाच्या दर मीटरमागे सेकंदाला किती किलो पाणी उतरते, त्याला श्यानतेने भागले की एक संख्या मिळते. काही जण तिलाच रेनॉल्ड्स संख्या म्हणतात, तर काही जण तिला चारने गुणतात, कारण काठोकाठ भरलेल्या नळीच्या व्यासाच्या जागी इथे पापुद्र्याच्या जाडीची चौपट येते. या विषयात येणाऱ्याने कोणताही निबंध उघडला की आकडा वाचण्याआधी व्याख्या वाचावी आणि समासात पेन्सिलीने "चारसह" किंवा "चारविना" असे लिहून ठेवावे. या लेखात सगळीकडे चारसह आहे.

प्रयोगासाठी उंची हवी होती. दोन मीटरची नळी, तिच्या वर भरून वाहणारे भांडे, त्याच्याही वर टाकी आणि खाली बादली, हे सगळे आमच्या प्रयोगशाळेच्या छताखाली मावत नव्हते. महाविद्यालयाच्या मागील जिन्याची मोकळी जागा तेवढी उंच होती. जिन्याच्या भिंतीत चार क्लॅम्प बसवण्यासाठी अर्ज केला. तो प्राचार्यांकडून बांधकाम समितीकडे, तिथून "विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत खुलासा करावा" असा शेरा घेऊन माझ्याकडे, आणि खुलाशासह पुन्हा समितीकडे असा पाच आठवडे फिरला. अखेर परवानगी मिळाली, ती ३१ मार्च २०२० पर्यंतच्या मुदतीची. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. पुढे या प्रतींनीच मला तीनदा वाचवले.

ॲक्रिलिकची ५० मिलिमीटर आतील व्यासाची नळी नागपूरहून २,८०० रुपयांना आणली आणि ऑगस्टमध्ये पाणी सोडले. रचना अशी होती की वरच्या भांड्यात नळीचे तोंड थोडे वर आलेले असावे आणि भांडे भरले की पाणी त्या काठावरून चहूबाजूंनी सारखे आत उतरावे. ते एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने विरळ उतरू लागले. मी क्लॅम्प सैल करून नळी इकडून तिकडे सरकवण्यात आठवडा घालवला. त्या वेळी महाविद्यालयात स्वच्छतागृहाचे काम चालू होते. तेथील मिस्त्री रोज जिन्याने जाता-येता माझी धडपड पाहत. एक दिवस त्यांनी खिशातून ओळंबा काढून नळीलगत सोडला, मग पाणी भरलेल्या आपल्या लेव्हलच्या पारदर्शक नळीचे एक टोक काठाच्या या अंगाला आणि दुसरे त्या अंगाला धरले, आणि म्हणाले, "मॅडम, नळी ओळंब्यात हाये. काठच तिरपा कापला हाये ना जी."

दुकानदाराने हॅक्सॉने कापलेला काठ एका बाजूला एक मिलिमीटर खाली होता. घरी येऊन हिशेब केला. मला हव्या असलेल्या प्रवाहात काठावरून वाहणाऱ्या पाण्याची उंची जेमतेम चार मिलिमीटर भरते, आणि त्यात एका मिलिमीटरचा फरक म्हणजे एका बाजूने दुसरीच्या जवळपास दीडपट पाणी. काचेच्या तावावर पॉलिश पेपर चिकटवून, त्यावर नळी उभी धरून दोन दिवस काठ घासला आणि पापुद्रा सर्व बाजूंनी सारखा झाला. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्या मिस्त्रींचा उल्लेख मी मार्गदर्शक सरांच्या लगेच खाली केला आहे.

त्यानंतरची फजिती साबणाची. ॲक्रिलिकला पाणी नीट धरत नाही. प्रवाह कमी केला की पापुद्रा फाटतो आणि पाणी ओघळांनी उतरू लागते. एका सोमवारी पाहिले तर पापुद्रा एकसंध आणि पृष्ठभाग आरशासारखा, लाटांचा मागमूस नाही. तीन दिवस मी हवेत होते. सरांना फोनही केला. चौथ्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेतील परिचर, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, सहज म्हणाले, "मॅडम, शनिवारी म्या नळी निरम्यानं धुतली, आता कशी चकाचक दिसते ना?" साबणाने पृष्ठताण बदलतो आणि लाटा दबतात, हे पुस्तकात वाचलेले होते. सगळी यंत्रणा साध्या पाण्याने आठ वेळा धुवावी लागली. भाऊंना रागावण्यात अर्थ नव्हता, कारण नळीवर "साबण लावू नये" अशी चिठ्ठी मी लावलेली नव्हती. तेव्हापासून ती आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, महाविद्यालय बंद झाले आणि नळी जिन्यात तशीच लटकत राहिली. घरी बसून मी जर्मन अभियंते नुसेल्ट यांचे अशा पापुद्र्याच्या जाडीचे १९१६ मधील गणित पहिल्या ओळीपासून स्वतः मांडले आणि रशियन शास्त्रज्ञ प्योत्र कापित्सा यांचे काम वाचले. १९४६ मध्ये पदांवरून दूर केले गेल्यावर ते मॉस्कोबाहेरील आपल्या घरी राहत होते, आणि तिथेच जुळवलेल्या साधनांवर त्यांनी मुलगा सेर्गेई याला हाताशी धरून ओघळणाऱ्या पापुद्र्यांवरील लाटांचे प्रयोग केले. त्या लाटांना आज त्यांचेच नाव आहे. त्या दिवसांत हे वाचून मला फार धीर आला, हे मान्य करते. विद्यापीठाने सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती. ती आपोआप लागू होत नव्हती, स्वतंत्र अर्ज करावा लागत होता. माझ्या बरोबरीच्या दोघांनी तो केला नाही आणि पुढे विलंबशुल्क भरले.

२०२१ च्या पावसाळ्यात ॲक्रिलिक सोडून बोरोसिलिकेट काचेची दीड मीटरची नळी घेतली. किंमत ६,२०० रुपये. ती मोठ्या पीव्हीसी पाइपात, दोन्ही बाजूंना जुन्या गोधडीचे तुकडे कोंबून, एसटीने आणली आणि सहा-सात तास मांडीवर आडवी धरून बसले. वाहकांनी सामानाचे तिकीट फाडले नाही, पण "ताई, बंदूक तर नाही ना?" असे विचारून घेतले. काचेवर पाणी उत्तम पसरते. आमचे बोअरचे पाणी मात्र जड असल्याने दर पंधरवड्याला आत पांढरा थर धरतो; तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढून नळी भरपूर पाण्याने धुवावी लागते.

आमच्याकडील भारनियमनाचा या प्रयोगाला उपयोगच झाला. पंप चालू असताना त्याची थरथर पाइपातून पापुद्र्यापर्यंत पोहोचते, आणि संक्षोभाच्या आरंभाचा अभ्यास करताना बाहेरून आलेला धक्का हा शत्रू असतो. म्हणून गच्चीवर ५०० लिटरची टाकी आणि तिच्याखाली बॉल व्हॉल्व्ह लावलेले लहान पिंप अशी सोय केली, ज्यामुळे पाण्याची पातळी स्थिर राहून पंपाविना दोन तास वाचने घेता येत. वीज गेली की मी जिन्याकडे पळत असे.

वाचन घेण्याची पद्धत दोन प्रकारची होती. पहिलीत भिंतीलगत सुईने पोटॅशियम परमँगनेटचे द्रावण सोडायचे आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने चित्रण करायचे. प्रवाह कमी असता ती जांभळी रेघ केसासारखी बारीक राहते. लाट वरून येते, रेघेवरून जाते, रेघ क्षणभर लांबते आणि पुन्हा जागेवर येते. लाटेने ती मोडत नाही. प्रवाह वाढवत गेले की एका टप्प्यावर मोठ्या लाटेच्या फुगवट्याखाली रेघेला एकदम मिशी फुटल्यासारखे होते, ती आडवी पसरते, आणि लाट गेल्यावर मागचे पाणी पुन्हा शांत. मला वाटते, फुगवट्यात पाणी जाड आणि वेगवान असल्याने तेवढ्यापुरती रेनॉल्ड्स संख्या सरासरीहून बरीच वर जाते, म्हणून आरंभ तिथे होत असावा. आणखी प्रवाह वाढवला की या मिशा एकमेकींना मिळतात आणि रेघ उरतच नाही. हे दृश्य प्रथम दिसले त्या रात्री साडेनऊ झाले होते, भाऊ किल्ल्यांचा जुडगा घेऊन खाली उभे होते आणि मी त्यांना वर बोलावून तीच चित्रफीत चार वेळा दाखवली.

दुसरी पद्धत जाडी मोजण्याची. भिंतीत बसवलेल्या दोन तारांमधून पाण्याची विद्युतवाहकता आर्डुइनो या लहान इलेक्ट्रॉनिक पाटीने मोजायची. जाडी जास्त तितकी वाहकता जास्त. थेट बॅटरी जोडली तर तारांवर बुडबुडे धरतात, म्हणून काही हजार हर्ट्‌झचा प्रत्यावर्ती प्रवाह वापरावा. शांत पापुद्र्यात प्रवाह आठपट केला की जाडी जेमतेम दुप्पट होते. संक्षोभ आला की जाडी याहून झपाट्याने वाढू लागते. आलेखाची रेषा जिथे वळते तिथे संक्रमण, इतके सोपे ते वाटले होते.

डिसेंबर २०२१ मध्ये ते वळण मिनिटाला सुमारे ३.८ लिटरला आले आणि मे २०२२ मध्ये अडीच लिटरला. तारा बदलल्या, आर्डुइनो बदलला, काठ पुन्हा घासला, तरी फरक हटेना. षण्मासिक प्रगती अहवालाची तारीख जवळ आली होती आणि मला खरोखर रडू येत होते. सरांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "पाण्याचे तापमान किती धरले?" मी सर्व तक्त्यांत २५ अंश धरले होते. तापमापक प्रयोगशाळेच्या भिंतीवर होता आणि टाकी विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर. २० अंशांना पाण्याची श्यानता जवळपास १ मिलिपास्कल-सेकंद असते. ४० अंशांना ती ०.६५ वर उतरते. माझ्या नळीत रेनॉल्ड्स संख्या सोळाशे व्हायला २० अंशांना ३.८ लिटर लागतात आणि ४० अंशांना अडीच. म्हणजे दोन्ही वाचने एकच गोष्ट सांगत होती. वाहकताही दर अंशामागे सुमारे दोन टक्के वाढते, ती दुरुस्ती निराळी. नळीच्या तोंडाशी दीडशे रुपयांचा संवेदक लावला आणि आठ महिन्यांची वाचने पुन्हा घेतली. जुन्या वह्या टाकल्या नाहीत. त्या परिशिष्टात गेल्या.

शोधनिबंधाबाबत एवढेच सांगते की माझ्या नोंदणीला लागू असलेल्या २०१६ च्या नियमांत एक निबंध आणि परिषदांतील दोन सादरीकरणे सक्तीची होती; २०२२ च्या नियमांत ती सक्ती राहिली नाही. "४,५०० रुपयांत पंधरा दिवसांत प्रसिद्धी" अशी पत्रे सगळ्यांना येतात. मी नकार पचवत अकरा महिने थांबले.

जुलै २०२३ मध्ये सारांश सादर केला. वाङ्मयचौर्य तपासणीत साम्य १४ टक्के निघाले, मर्यादा १० ची. पाहिले तर त्यात माझाच प्रसिद्ध निबंध आणि नुसेल्टच्या गणितातील ठरावीक वाक्ये होती. स्वतःचा निबंध वगळण्यासाठी मार्गदर्शकांच्या सहीचे पत्र लागते. ते आधीच तयार ठेवावे. नोव्हेंबरमध्ये प्रबंध दिला. छपाई व बांधणीला ७,८०० रुपये आणि साहित्याला सहा वर्षांत मिळून सुमारे २३,००० रुपये लागले. प्रवास आणि विद्यापीठाचे शुल्क वेगळे. मूल्यमापन सहा महिन्यांत व्हावे असा नियम आहे. एका बहिःस्थ परीक्षकांचा अहवाल न आल्याने मला दहा महिने लागले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन करायचा आणि बोललेल्या व्यक्तीचे पद व तारीख वहीत लिहायची, एवढेच हातात होते.

सप्टेंबर २०२४ मधील मौखिक परीक्षा खुली होती. परीक्षकांनी अखेरीस विचारले, "तर मग आकडा कोणता?" मी सांगितले की माझ्या नळीत पहिल्या मिशा हजाराच्या पुढे दिसू लागतात, रेघ पूर्ण नाहीशी होते ती दोन हजारांच्या आत, आणि आलेखाचे वळण या दोहोंच्या मध्ये पडते, यांपैकी आरंभ कशाला म्हणायचे ते आपण काय मोजतो यावर ठरते, आणि म्हणून प्रबंधात एक आकडा न देता तिन्ही दिले आहेत. ते काही वेळ पाने उलटत राहिले. मग त्यांनी विचारले, "आणि हे निरमा प्रकरण परिशिष्टात का घातले?" मी म्हटले, पुढे कोणी तशीच नळी धुवेल म्हणून. सभागृहात मागे बसलेले भाऊ मोठ्याने हसले.

नळी अजून जिन्यातच आहे आणि बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची मुले तिच्यावर प्रकल्प करतात. क्लॅम्पच्या परवानगीची मुदत मात्र मार्च २०२० मध्येच संपलेली असल्याचे बांधकाम समितीच्या लक्षात आले असून, मागील परवानगीची आवक क्रमांकासह प्रत जोडून नूतनीकरणाचा अर्ज करावा, असे पत्र मला परवा मिळाले आहे.